सोमवारची खळ

पहाटे पाचला, बर्नबीच्या सहा नंबर स्टुडिओत
सुमिये निशिओका खळ शिजवते.
तीन बादल्या कोमट पाणी, दीड किलो पावडर,
मिल्कशेक दाट करायला घालतात तीच,
निळ्या रंगाचे चार थेंब. पाचवा पडला
तर सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून.
गुठळी राहता कामा नये.
कॅमेऱ्याला गुठळी दिसते,
आणि यंत्रमानवांच्या ज्ञानात गुठळी नसते.

संहितेत एवढंच लिहिलंय :
ती हात बुडवते. तिला कळतं.
काय कळतं, असं लेखकाला विचारलं
तर तो म्हणाला, सगळं. एकदम.
बटणं नकोत, अक्षरं नकोत, पडदा तर नकोच,
हे लोक आपल्यासारखे वाचत बसत नाहीत.
मग सुमियेने एका मोडीत निघालेल्या बेकरीतून
कणीक मळायची लांबट परात आणली,
तळ कापून काच बसवली, खाली दिवे सोडले,
आणि अकरा ग्रहांचं आरमार
त्या परातीतून चालू लागलं.

बुधवारपर्यंत ठीक असतं.
गुरुवारी दिव्यांच्या धगीनं खळ पातळ होते,
शुक्रवारी वास मारते.
आणि मोठे प्रसंग नेमके शुक्रवारीच लागतात :
फितुरी, युद्धाची घोषणा, बहिणीचं मरण.
मारेन थीसेन नाक न मुरडता
मनगटापर्यंत हात घालते, डोळे मिटते.
कट.
पुन्हा. डोळे मिटते, भुवया जरा वर.
कट.
दिग्दर्शक म्हणतो, तुला कळतंय असं वाटत नाही गं,
तुझी दाढ दुखतेय असं वाटतं.

त्या शुक्रवारी सुमियेचे वडील आले होते,
गाडीची विसरलेली किल्ली द्यायला.
तादाओ, वय सत्त्याहत्तर,
स्टीव्हस्टनच्या कॅनरीत तीस हंगाम
सॅमन चिरण्यात घालवलेला माणूस.
टाकीपाशी म्हणे खास त्यांना बोलवायचे.
कोपरापर्यंत हात घालून ते सांगायचे,
हा फ्रेझरचा, हा वरच्या स्कीनाचा,
आणि हा काल दुपारपासून पडलाय, याला शिवू नका.

जेवणाची सुट्टी. सेट रिकामा.
म्हाताऱ्याने बाही सारली
आणि परातीत हात घातला.
मारेन अर्धं सँडविच धरून बघत राहिली.
त्यांनी डोळे मिटले नाहीत.
खाली तर पाहिलंच नाही.
वर पाहिलं, छताच्या तुळयांकडे,
म्हणजे तुळयांकडेही नाही;
शेजारच्या घरात कुणी आपलं नाव घेतंय का
हे ऐकणाऱ्या माणसाचा असतो
तसा चेहरा, जरासा रिकामा.
मग हात काढून, झटकून, म्हणाले,
शिळं आहे.

दुपारी मारेनने हात बुडवला आणि वर पाहिलं.
कट म्हणायला कुणी धजेना.

पुढे त्या वर पाहण्यावर लोक बोलबोल बोलले.
कुणी म्हणालं, ही यंत्राची प्रार्थना.
कुणी म्हणालं, छतावर ताऱ्यांचा नकाशा उमटतो,
तो आपल्याला दिसत नाही एवढंच.
चौथ्या वर्षी मालिका बंद पडली.
परात लिलावात एडमंटनच्या एका दंतवैद्याने घेतली,
तो तिच्यात काय घालतो कोण जाणे.

शेवटचा भाग लागला त्या रात्री
सुमियेने हाक मारली, या ना, तुमचंच आहे.
तादाओ ओट्यापाशी उभे होते,
पातेल्यातल्या धुतलेल्या तांदळावर बोट टेकवून,
पाणी पहिल्या पेरापर्यंत आलंय का बघत.
म्हणजे बघत नव्हते. खिडकीबाहेर नजर.
थांब, म्हणाले, येतो.
बोट काढलं नाही. बराच वेळ.
तोवर मारेन पडद्यावरून गेली होती,
नावं वर सरकत होती, बारीक, भराभर,
त्यात सुमियेचंही कुठेतरी.

भातात कणी राहिली त्या दिवशी,
इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
ती घास घेते.
तिला कळतं.